वारशाच्या यादीत वाडा आला, आता काय?

जुन्या घरांबद्दल वाचकांचे प्रश्न आणि त्यांना उत्तरं. पत्रं लांबलचक होती, त्यातला मुद्द्याचा भाग तेवढा ठेवला आहे. नावं कुणाचीच दिलेली नाहीत. एकाच वाड्यातल्या दोन वाटेकऱ्यांनी एकमेकांना न सांगता वेगवेगळी पत्रं पाठवली, असंही या वेळी झालं आहे.

ताई, नमस्कार. नागपूरच्या महाल भागात आमचा वाडा आहे, पणजोबांनी बांधलेला. आम्ही तीन चुलत भाऊ वाटेकरी, त्यातला एक पुण्यात. वाडा हेरिटेजच्या यादीत आहे हे आम्हाला नुकतंच कळलं. एक बिल्डर घरी चकरा मारून राहिला. तो म्हणतो, "हेरिटेजात गेलं की खिळासुद्धा ठोकता येत नाही, लवकर नाव काढून घ्या, नाहीतर पडेपर्यंत पाहत बसाल." पुण्याचा भाऊ म्हणतो, सरकार दुरुस्तीला पैसे देते. कुणाचं खरं मानायचं?
– एक वाटेकरी, महाल

कुणाचंच नाही. खिळा ठोकता येतो, आणि दुरुस्तीचा चेक घेऊन कुणी दारात येत नाही.

आधी एक करा. महापालिकेच्या नगररचना विभागात जाऊन आपला वाडा यादीत खरंच आहे का आणि कुठल्या श्रेणीत आहे, हे कागदावर बघा. नागपूरच्या यादीत दीडशेच्या आसपास नावं आहेत आणि ती सगळी एका मापाची नाहीत. पहिल्या श्रेणीत कस्तुरचंद पार्क, झिरो माइल अशी ठिकाणं येतात. तिथे आतून-बाहेरून हात लावायचा तो वास्तू जगवण्यापुरताच. दुसऱ्या श्रेणीचे अ आणि ब असे दोन भाग. तिथे बाहेरचं रूप राखून आत बदल करता येतात, नवा वापर करता येतो, ब मध्ये तर त्याच जागेत मागे वाढीव बांधकामाचाही विचार होतो. तिसरी श्रेणी याहून सैल. महालातला राहता वाडा पहिल्या श्रेणीत असण्याचा संभव कमीच. म्हणजे न्हाणीघर, संडास, विजेची नवी वायरिंग, मागच्या चौकात स्वयंपाकघर, एवढंच काय पुढच्या सोप्यात खानावळसुद्धा, यातलं बरंच रीतसर परवानगीने होतं.

परवानगी द्यायची पालिका आयुक्तांनी, हेरिटेज संवर्धन समितीचा सल्ला घेऊन. याला आधार 1966 च्या प्रादेशिक व नगररचना कायद्याचा. आपल्या राज्यात असे नियम आधी 1995 मध्ये मुंबईत आले, आणि डिसेंबर 2020 पासून नागपूरला राज्याची एकत्रित विकास नियमावली लागू आहे. नियम अक्षरशः वाचला तर यादीतल्या घराच्या रंगकामालाही आधी विचारावं लागतं. लोक इथेच घाबरतात आणि मग दोनपैकी एक करतात: गुपचूप उरकतात, नाहीतर काहीच करत नाहीत. तिसरा रस्ता सोपा आहे. चारी बाजूंचे फोटो, खोल्यांची मापं घेतलेला नकाशा, काय काढणार आणि त्या जागी काय घालणार याचं साध्या मराठीत पानभर टिपण, एवढं जोडून अर्ज द्या आणि पोच घ्या. सागवानी खांब काढून तिथे सिमेंटचा कॉलम, असं लिहिलंत तर अर्ज अडेल. तो अडायलाच हवा.

नाव यादीतून काढणं हे बिल्डरच्या हातचं काम नाही. यादीतला बदल म्हणजे जाहीर सूचना, हरकती, सुनावणी आणि शासनाची मान्यता. बिल्डरला हे तुमच्याहून जास्त माहीत असतं. म्हणून त्याचा खरा डाव वेगळा असतो, तो सांगून ठेवते. महापालिका अधिनियमाचं कलम 264 पडायला आलेल्या इमारतींसाठी आहे. एखादा कोपरा ढासळू द्यायचा, कवेलू फेरायचे नाहीत, दोन पावसाळे जाऊ द्यायचे, आणि मग आपणच अर्ज करून "इमारत धोकादायक" अशी नोटीस काढवून घ्यायची. नोटीस हातात पडली की वारसा बाजूला राहतो, जेसीबी पुढे येतो. चांगले मजबूत वाडे या वाटेने गेलेले मी पाहिले आहेत.

त्यावर उपाय म्हणजे आपला तपासणी अहवाल आपण आधीच करून ठेवायचा. तीस वर्षांवरच्या इमारतीला त्याच अधिनियमाच्या कलम 265-अ खाली अशी तपासणी करावीच लागते. फक्त इंजिनिअर निवडताना सांभाळा. काँक्रीटवर मारायचा स्प्रिंगचा हातोडा चुन्याच्या भिंतीवर मारून आकडा कमी आला म्हणून "सी-1, तात्काळ रिकामी करा" असं लिहून देणारे आहेत. तो हातोडा काँक्रीटसाठीच बनवला आहे, विटा-चुन्याला तो काय विचारणार? धोक्याच्या चार पायऱ्या आहेत: सी-1, सी-2अ, सी-2ब, सी-3. यातल्या शेवटच्या दोन म्हणजे घर रिकामं न करता दुरुस्ती. तुमचा वाडा बहुधा तिथे बसेल. खात्री करायची तर तुळईचं तोंड बघा. तुळई मधे सहसा सडत नाही, ती सडते भिंतीत घुसलेल्या टोकाला, जिथे ओल लागते आणि डोळ्याला दिसत नाही. भिंतीलगत पेचकस टोचा. टोक दोन-तीन सूत जाऊन थांबलं तर लाकूड जिवंत आहे. मुठीपर्यंत गेलं तर उधई आत जेवून गेली. तेव्हासुद्धा सगळी तुळई बदलायची नसते. सडलेलं टोक कापून तेवढाच सागवानी तुकडा सांधता येतो, जुने सुतार हे करत आले आहेत.

पैशाचं बोलायचं तर नियमात एक वाट आहे. तुमच्या जागेवर जेवढं बांधकाम एरवी करता आलं असतं आणि वारशामुळे करता येत नाही, तेवढा हक्क टीडीआर म्हणून मिळू शकतो आणि तो दुसऱ्या बांधकामासाठी विकता येतो. वाचायला छान आहे. पण त्याला आखीव पत्रिका, म्हणजे जागेच्या मालकीची सरकारी नोंद, स्वच्छ लागते आणि सगळ्या वाटेकऱ्यांच्या सह्या. जागा नझूलची, म्हणजे सरकारने पट्ट्याने दिलेली, असेल तर पट्ट्याचं नूतनीकरण आधी. महालातल्या किती वाड्यांच्या पत्रिकेवर अजून आजोबांचंच नाव आहे, ते मोजायला बसू नये. मला विचाराल तर या शहराचं खरं चुकतं ते इथे. "हे करू नका" सांगायला यंत्रणा आहे, "हे असं करा, आम्ही सोबत आहोत" म्हणायला नाही. टीडीआरचा अर्ज भरायला मदत करणारी एक खिडकी महालात उघडली, तर दहा भाषणांचं काम होईल.

तोवर तुम्ही तिघांनी वारसनोंद लावा आणि वाड्याच्या नावाने एक संयुक्त खातं उघडा. पुढच्या दोन खोल्या भाडेपट्ट्याने द्या, भाडं त्या खात्यातच जाऊ द्या आणि त्यातूनच दर उन्हाळ्यात, मृग लागायच्या आत, छप्पर बघा. पुण्याच्या भावाला फोटो पाठवत जा. लांबच्या वाटेकऱ्याला वाड्याचं काहीच दिसत नाही, म्हणून तो विकायला सगळ्यात आधी तयार होतो.

आणि हो, माडीचा सज्जा पोळ्याच्या आधी तपासा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या मारबतीच्या मिरवणुकीला तुमच्याकडे पाहुणे येतच असतील. घरच्या चार माणसांना पेलणारा सज्जा त्या दिवशी पंचवीस जणांना पेलेल असं धरून चालू नका.

ताई, आमचं इतवारीतलं घर विटा-चुन्याचं आहे. खालच्या खोलीच्या भिंतींना ओल येते म्हणून ठेकेदाराकडून सिमेंटचा गिलावा करून घेतला, वर वॉटरप्रूफ रंग दिला. वर्षभर छान होतं. आता आधीपेक्षा वरपर्यंत ओल चढली, पोपडे पडून राहिले आणि पांढरी भुकटी निघते. त्यात समोरचा रस्ता सिमेंटचा झाला आणि तो आमच्या ओट्याच्याही वर आला. पावसात पाणी सरळ घरात. ठेकेदार आता केमिकलचं इंजेक्शन द्या म्हणतो. देऊ का?
– एक गृहिणी, इतवारी

इंजेक्शन राहू द्या. आधी त्याने लावलेलं काढा.

ती पांढरी भुकटी म्हणजे लोणा. जमिनीतलं पाणी विटांमधून वर चढतं, सोबत क्षार घेऊन येतं. चुन्याचा गिलावा असतो तेव्हा ते पाणी कमरेइतक्या उंचीच्या आसपास कुठेतरी हवेत उडून जातं आणि क्षार गिलाव्यावर राहतात. दहा-पंधरा वर्षांनी गिलावा खराब होतो, तो बदलायचा, वीट वाचते. सिमेंटने तुम्ही ती वाट बंद केलीत. चालणाऱ्या माणसाला भर मे महिन्यात रेनकोट घालावा तसं झालं. पाणी थांबलं नाही, ते आतल्या आत आणखी वर चढलं आणि क्षार आता गिलाव्याऐवजी विटेतच जमून राहिले. नखाने वीट खरवडून बघा. लाल पीठ हाताला लागत असेल तर वेळ फार नाही.

ओलीच्या रेषेच्या वर हातभर अंतरापर्यंत सिमेंट खरवडून काढा. छिन्नी हलक्या हाताने चालवायची, ब्रेकर नाही. भिंत एक उन्हाळा तशीच उघडी ठेवा. दिसायला वाईट दिसेल, पाहुण्यांना सांगा काम सुरू आहे. नागपूरचा पंचेचाळीस अंशांचा उन्हाळा कशाच्या कामाचा असेल तर तो याच्या. लोणा वर येत राहील, तो कोरड्या ब्रशने झाडायचा आणि गोळा करून बाहेर टाकायचा. पाण्याने धुतला तर परत भिंतीत जातो.

नवा गिलावा मात्र त्याच उन्हाळ्यात नको. चुना सावकाश वाळायला हवा, एप्रिल-मेच्या झळीत तो तडकतो. पाऊस सरल्यावर, दिवाळीच्या सुमारास काम धरा. चुन्याची निवळी नव्हे, भिजवून निदान काही आठवडे मुरवलेला लोण्यासारखा चुना, कन्हानची चाळलेली वाळू त्याच्या दुप्पट ते तिप्पट, आणि थोडी सुरखी, म्हणजे चांगल्या भाजलेल्या विटांचा चुरा. गवंडी "थोडं सिमेंट टाकू का, पकड येते" असं म्हणेलच. टाकू देऊ नका. एक थर पातळ, तो घट्ट झाला की दुसरा. रोज ओलं बारदान लावून ठेवायचं. वर रंग चुन्याचाच.

रस्त्याचं दुखणं एकट्या तुमचं नाही. सिमेंट रस्ते झाले तेव्हा जुना थर न उखडता वर चढवत गेले, आणि जुन्या वस्तीतली जोती खाली गेली. पालिकेच्या झोन कार्यालयात गल्लीतल्या सगळ्यांनी मिळून पावसाळी नालीसाठी अर्ज द्या, पाणी घरात शिरतानाचा फोटो जोडा. आपल्याकडून ओट्याच्या कडेने वीतभर रुंदीचा चर खणून त्यात खडी भरा आणि त्याला उतार द्या. एक करू नका: घरातली जमीन उचलून टाइल्स लावणं. जमीन बंद झाली की तिथली ओलही भिंतीतच जाते.

मी आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. नागपूरच्या हेरिटेजविषयी काहीही वाचायला घेतलं की हायकोर्ट, रेल्वे स्टेशन, अजब बंगला, विधानभवन. सगळं इंग्रजांचं. आपली घरं हेरिटेज नाहीत का?
– एक विद्यार्थिनी, धरमपेठ

आहेत. फक्त फोटोत ती बरी येत नाहीत. समोरच्या पानठेल्यात आणि वायरींच्या जाळ्यात अर्धा वाडा झाकून जातो.

तुझी चीड रास्त आहे, पण त्या इमारतींवर राग धरू नकोस. 1940 साली उघडलेलं हेन्री मेडचं हायकोर्ट किंवा सावनेरच्या दगडातलं 1925 चं स्टेशन नीट पाहिलंस तर दगड घडवणारे हात कुणाचे होते ते कळेल. त्या टिकल्या याचं कारण मोठं नाही. त्यांना मालक एकच आहे, सरकार, आणि छताचं पाणी गळलं तर बघायला एक खातं आहे. ज्यांना मालक असूनही विचारणारं कुणी नव्हतं, त्यांचं काय होतं ते कस्तुरचंद पार्कने दाखवलं. पहिल्या श्रेणीचा वारसा असूनही मैदानाची दशा अशी झाली की हायकोर्टाच्या खंडपीठाला स्वतःहून दखल घ्यावी लागली.

आणि नागपूर इंग्रजांच्या आधीचं आहे, हे तुझ्या वर्गात कुणीतरी मोठ्याने सांगायला हवं. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला देवगडच्या गोंड राजाने, बख्त बुलंदने हे शहर वसवलं. त्याच्या मुलाने, चांद सुलतानाने तटबंदी घातली, जुम्मा तलाव बांधला. आज आपण ज्याला गांधी गेट म्हणतो तो जुम्मा दरवाजा तेव्हाचा. मग भोसले आले. त्यांचा मोठा राजवाडा 1864 मध्ये जळाला आणि उरला तो नगारखान्याचा दरवाजा. लाकडी शहराचा इतिहास असाच राहतो, जेवढं जळलं नाही तेवढा. गिरणीसारखी भक्कम इमारतही वाचतेच असं नाही. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल 1877 ची, आज त्या जागेवर मॉल आहे आणि मॉलला नाव तेवढं एम्प्रेसचं.

तिसऱ्या वर्षात मापं घेऊन नकाशे काढायचा एक विषय असतोच. तुझ्या सरांना सांग, हायकोर्ट पुन्हा नको. महालातली किंवा इतवारीतली एकच गल्ली घे, सलग दहा घरं. जोत्याची उंची, खांबांचं माप, दिंडी दरवाजाची चौकट, कोनाडे, बळद असेल तर बळद, आणि घरात कोण राहतं तेही. परवानगी घेऊन जा आणि आजीशी आधी बोल, आजोबा नंतर. आजीला कुठली भिंत गळते ते पाठ असतं. यादी काही दगडावर कोरलेली नाही, तीत नवी नावं सुचवता येतात. समितीपुढे नुसतं "आमचा वाडा सुंदर आहे" म्हणणारे पुष्कळ येतात, मापासकट नकाशा आणणारा क्वचित. वारसा जपणाऱ्या इंटॅक या संस्थेचा नागपूर विभाग आहे, व्हीएनआयटीचा आर्किटेक्चर विभाग आहे, तिथे जाऊन भेट.

रुंदीकरण होऊ घातलेल्या रस्त्यावरची घरं आधी घे. केळीबाग रस्त्यावर काय काय गेलं ते तू येता-जाता पाहिलं असशील. वारसा नियमांत रुंदीकरणाची रेषा आखताना वारसा वास्तूला धक्का लागू नये असं म्हटलेलं आहे. पण नोंदच नसेल तर धक्का लागला हे सिद्ध कशाने करणार?

मी वाड्यात भाडेकरू आहे, वडिलांच्या काळापासून. मालक दुरुस्ती करत नाहीत. वाडा पडला की आपोआप आम्ही जाऊ असं त्यांचं गणित. कायद्याने काही करता येतं का?
– एक भाडेकरू, महाल

येतं, पण फार नाही. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याने घर दुरुस्त ठेवणं हे मालकाचं काम आहे. पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्या. त्याने केलं नाही तर तुम्ही करून खर्च भाड्यातून वळता करू शकता, मात्र वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंतच. महिन्याला दोनशे रुपये भाडं असेल तर वर्षाचे होतात चोवीसशे, चौथा हिस्सा सहाशे. सहाशे रुपयांत आज छपरावर चढायला माणूससुद्धा मिळत नाही. मालकही तेच दोनशे रुपये दाखवून म्हणतो, मी कशातून करू? दोघांचंही बरोबर आहे आणि वाडा मधल्या मधे मरतो.

तेव्हा कायद्याची नोटीस पाठवाच, कारण उद्या 264 ची नोटीस निघाली तर "आम्ही दुरुस्ती मागत होतो" याचा पुरावा लागेल. पण सोबत मालकापुढे एक लेखी प्रस्तावही ठेवा. भाडं आजच्या मानाने थोडं वाढवून देतो, वाढीव रक्कम छपरालाच जाईल, पावत्या दोघांकडे राहतील. हे जमलेलं मी बघितलं आहे. वाडा धोकादायक ठरून रिकामा करायची वेळ आलीच तर आपल्या खोल्यांच्या क्षेत्रफळाची लेखी नोंद पालिकेकडून घेतल्याशिवाय सामान हलवू नका.

छपरावर माकडं कवेलू फोडून राहिली. टीन टाकू का?
– महाल

यादीत असाल तर विचारून. नसाल तरी रस्त्याकडच्या बाजूला कवेलूच ठेवा, मागच्या बाजूला टीन टाकलंत तर खाली बांबूचा तट्ट्या आणि मधे हवा जायला जागा ठेवा, नाहीतर मे महिन्यात माडीवर पाय ठेवता येणार नाही. जुने चांगले कवेलू फेकू नका, मागचे काढून पुढे वापरा.

आमचा दिंडी दरवाजा, कोरीव चौकटीसकट, एक जण चांगल्या किमतीला मागतो. रिसॉर्टला लावायचा आहे म्हणे. वाडा तसाही एक दिवस पाडायचाच आहे. विकावा का?
– एक वाटेकरी, महाल

पहिल्या पत्राशी तुमचा पत्ता जुळतो, म्हणून जपून सांगते. वाडा यादीत असेल तर दरवाजा हा वाड्याचाच भाग आहे, परवानगीशिवाय तो काढणं म्हणजे नियमभंग. शिवाय तुम्ही एकटे मालक नाही, बाकीच्या दोघांना विचारलं आहे का? वाडा शंभर वर्षांवरचा असेल तर 1972 च्या पुरावस्तू कायद्यात इमारतीपासून सुटा केलेला असा भागसुद्धा पुरावस्तू ठरू शकतो. त्याचा धंदा करायला परवाना लागतो, आणि खाजगी माणसाला तो देशाबाहेर पाठवता येत नाही. मागणाऱ्याला आधी परवाना दाखवायला सांगा. मग तो परत येतो का बघा.